बसंतीबाई मारवाडात जाऊन आली

“ते राहू दे भाभी. रात्री कुठं निजत होती ते सांग.”

सकाळपासून हा एकच प्रश्न घरात वेगवेगळ्या तोंडांनी फिरत होता. आधी तो शेजारणींनी विचारला, मग तांड्याच्या नायकानं, आणि आता धाकटा दीर हिरासिंग अंगणाच्या मधोमध उभा राहून विचारत होता. बसंतीबाई ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होती. क्लच दाबून दाबून तिचा डावा पाय घोट्यात सुजला होता.

“जीपमधे,” ती म्हणाली. “सीटवर. तू वावरात जागलीले जातं तवा कुठं निजतं?”

“मी माणूस होय.”

“अन् मी काय बकरी होय?”

खाटेवर बसलेल्या नायकानं मिशीवरून हात फिरवला. त्याला हसू आलं असावं, पण पंचाला हसून चालत नाही.

“बाई, त्याच्या म्हणन्याचा तसा अर्थ नाही,” तो म्हणाला. “लोक इचारतेत. बाईमाणूस एवढ्या दूर, मारवाडापर्यंत, एकटी जाते अन् एकटी येते...”

“एकटी कुठं आली? पोट्टी घेऊन आली.”

“तेच तर सांगून राह्यलो,” हिरासिंग उसळला. “लगन झालेली पोट्टी होय थे. जावायाले न इचारता उचलून आणली तू. लगन जुळवनाऱ्या ट्रकवाल्याचा फोन आलता. ते लोक येऊन राह्यले तिले न्यायले. मी कोनतं तोंड दाखवू?”

ती पोट्टी म्हणजे हिरासिंगचीच मुलगी, रुपी. घरात भिंतीला टेकून ती पाय पसरून बसली होती. अंगणातून तिचे फक्त तळवे दिसत होते, काळपट आणि तडकलेले. तिची आई लालीबाई बाजूला बसून तांदूळ निवडत होती. तेच तांदूळ ती सकाळपासून निवडत होती.

अर्धा तांडा अंगणात येऊन गेला होता. बसंतीबाई कुठं निजली, कुठं जेवली, रस्त्यात कोण कोण भेटलं, कुणाच्या ओळखीनं गेली, सगळं विचारून झालं. पोरी, तुला तिथं पोटभर मिळत होतं का, एवढं रुपीला विचारायला मात्र एकाचीही जीभ वळली नाही. बसंतीबाईच्या डोक्यात तिडीक गेली होती ती त्यामुळं. पायाचं दुखणं त्यापुढं काहीच नव्हतं.

हा तांडा दिग्रसहून पुसदला जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. एस.टी. फाट्यावर थांबते आणि पुढची वाट कच्ची. त्या वाटेवर बसंतीबाईचा नवरा शंकरसिंग जीप चालवायचा. मागं समोरासमोर दोन बाकडी, टपावर गाठोडी आणि कोंबड्या, अशी ती जीप. पुढं साखरेच्या आजारानं त्याची नजर अधू होत गेली. पोट तर चालायला हवं, म्हणून बसंतीबाई त्याच्या शेजारी बसायला लागली. “डावीकडं खड्डा. समोरून बैलगाडी. म्हैस हाये, थांबा.” असं वर्षभर चाललं. एके दिवशी जीप नाल्यात जाता जाता वाचली, तेव्हा ती खाली उतरली आणि त्याच्या दारापाशी जाऊन म्हणाली, “पाह्यतो तर मीच. मग चालवतोही मीच. सरका तिकडं.”

शंकरसिंगनं तिला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. तांड्यानं आधी चेष्टा केली. बायकांनी पदर तोंडाला लावले, पुरुष म्हणाले आम्ही पायी जाऊ. आठवडी बाजाराच्या उन्हात दोनदा पायी जाऊन आले आणि मुकाट्यानं मागच्या बाकड्यावर येऊन बसले. कापसाच्या त्या वाईट वर्षांत या घरातली चूल पेटत राहिली ती या जीपच्या फेऱ्यांवर. दोन भाऊ, दोन जावा, घर एक, चूल एक. हिरासिंग शेत करायचा, आणि शेतानं त्या वर्षांत काय दिलं हे कुणी विचारू नये.

तेव्हा यवतमाळचं नाव रोज पेपरात असायचं. कॅमेरेवाले या तांड्यातही आले होते. त्यांना मेलेल्या माणसांची नावं हवी होती. जिवंत मुली कुठं आणि कशा उजवल्या जात होत्या, हे त्यांच्या कामाचं नव्हतं. घरोघरी जमलेली लग्नं मोडत होती, मुली घरात बसून होत्या, आणि आईबाप त्यांच्याकडं बोंडअळी लागलेल्या झाडाकडं पाहावं तसं पाहत होते.

अशात जिनिंगवरून कापसाच्या गाठी न्यायला येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं स्थळ आणलं. मुलगा मारवाडचा. आपलाच गोर बंजारा माणूस, आपल्याच रक्ताचा, म्हणाला. हुंडा नको, लग्नाचा खर्चही तिकडचाच.

मारवाड म्हटल्यावर तांडा विरघळला. आपण मूळचे मारवाडचे, बैलांच्या पाठीवर मिठाची पोती लादून दक्षिणेत उतरलो, हे इथं मूल बोलायच्या आधी ऐकतं. गाण्यात मारवाड, गोष्टीत मारवाड, भांडणातही मारवाड. पाहिलेला कुणीच नाही. “पोट्टी परमुलखात नाही चालली, मूळ घरी चालली,” असं हाच नायक याच खाटेवर बसून म्हणाला होता. शेजारच्या तांड्यातलं स्थळ आलं तर हे लोक मुलाचं गोत विचारतात, त्याच्या आईचं विचारतात, आजोळचंही विचारतात. मारवाडच्या मुलाला कुणी गोत विचारलं नाही. बसंतीबाईनं विचारलं तर हिरासिंग म्हणाला, “मूळ घरच्यायले गोत इचाराचं राह्यते का भाभी?” नवरदेव तरुण होता, दिसायला बरा होता. वैशाखाच्या आधी लग्न लागलं आणि रुपी गेली.

मग एका दुपारी तिचा फोन आला, तांड्यातल्या किराणा दुकानात. बायका धावल्या. फोन लालीबाईच्या कानाला, आणि तिच्याभोवती चार डोकी. पलीकडून रुपी ढावलो गाऊ लागली.

ढावलो म्हणजे गोर बायकांचं गाऊन रडणं. मुलगी सासरी निघाली की आईच्या गळ्यात पडून गाते, माहेरी आली की गाते, कुणी गेलं तरी गळ्यात गळा घालून गाते. त्यात तक्रारच असते. याडी, मला दूर देशी टाकलं. याडी, पाणी दूर, सासू कठोर. याडी म्हणजे आई. पिढ्यान्‌पिढ्या मुली हेच गातात आणि पिढ्यान्‌पिढ्या आया ऐकून डोळे पुसतात. ज्या मुलीला चांगला ढावलो येतो तिचं कौतुक होतं.

तसंच रुपीचंही झालं. ती गात होती, याडी, माळ घातली एकाच्या गळ्यात, भाकरी थापते दुसऱ्याची. याडी, दाराला बाहेरून कडी. याडी, उंट पाणी प्यायल्यावर उरलं तर माझं. बायकांनी डोळे पुसले. “पोट्टी विसरली नाही,” एक म्हणाली. “आईपेक्षा चांगलं गाते,” दुसरी म्हणाली. लालीबाई रडली, हसली, आणि फोन ठेवून दिला.

बसंतीबाई जीप उभी करून दुकानात शिरली तेव्हा फोन लालीबाईच्या हातातच होता. शेवटच्या ओळी तिच्या कानावर पडल्या आणि ती जागीच थांबली. ढावलो कुणाच्या तरी गळ्यात पडून गातात. फोनमध्ये कोण गातं? आणि रडणारं माणूस घाई करतं, त्याचा श्वास तुटतो. रुपी एकेक शब्द सुटा करून गात होती, लहान मुलाला रस्ता समजावून सांगावा तशी. कुणीतरी तिच्या शेजारी उभं होतं, आणि गाण्याशिवाय दुसरं काही बोलायची तिला सोय नव्हती.

तिनं हे घरी सांगितलं. हिरासिंग म्हणाला, “भाभी, तुले ढावल्यातलं काय समजते? तुह्या गळ्यात तर हॉर्न हाये.” सगळे हसले. लालीबाई हसली नाही.

दुकानदाराच्या फोनवर नंबर आला होता. बसंतीबाईनं तो फिरवला. पोकरणच्या पुढं एका रस्त्याकाठच्या दुकानात फोन लागला. दुकानदार तिला सहज म्हणाला, हो, त्या ढाणीच्या वस्तीवरची ती नवी बाई, थोरल्याची दुसरी बायको, पहिली गेल्या साली वारली ना. बसंतीबाईनं विचारलं, थोरला किती मोठा? तो म्हणाला, माझ्या वडिलांच्या वयाचा असेल. धाकटा नवरदेव बनून आला होता, नेली थोरल्यासाठी. पाहायला एक आणि घरात दुसरा. बाजारात कापसाच्या ढिगालासुद्धा व्यापारी आत हात घालून पाहतो. इथं मुलगी देताना वरवर पाहून दिली.

तिनं तेही घरी सांगितलं. हिरासिंग म्हणाला, “आता लगन झालं ना.”

या चार शब्दांवर तिनं जीपची टाकी भरून आणली.

शंकरसिंग खाटेवर बसून तिची तयारी ऐकत होता. “नको जाऊ म्हटलं तर ऐकन का?” त्यानं विचारलं. ती म्हणाली, “नाही.” मग तो म्हणाला, “पाण्याचे दोन कॅन घे. इंजिन तापलं तर झाकण लगेच उघडू नको. हवेकडं तोंड करून उभी कर अन् वाट पाह्य.” त्या क्षणी तिला नवरा फार आवडला होता.

अकोला, बऱ्हाणपूर, इंदूर, रतलाम, नीमच, चित्तोड. नावं विचारत विचारत ती गेली. नाक्यावरच्या शिपायानं जीपला वळसा घातला, मागं डोकावला, सीटखालीसुद्धा पाहिलं आणि विचारलं, “ड्रायवर कहाँ है?” ती म्हणाली, “सामने बैठी है.” जिथं थांबेल तिथं पहिला शब्द एकच, अकेली? चहावाला, पंक्चरवाला, पेट्रोल भरणारा, सगळे तेच. सुरुवातीला तिनं सांगितलं की मालक मागच्या गाडीत आहेत. जोधपूर येईपर्यंत तिला या मागच्या गाडीतल्या मालकाचा इतका वीट आला की ती म्हणायला लागली, “हो, अकेली. पुढं बोला.” आणि लोक पुढं बोलले. त्याहून जास्त काही झालं नाही.

उन्हाचं तिला काय? वैशाखात यवतमाळची माती चुलीसारखी तापते. पण आपल्याकडं कितीही ऊन असलं तरी कोसाकोसावर एक कडुलिंब असतो, बोरीचं झुडूप असतं, खडखड वाजणारा का होईना एक हातपंप असतो. जोधपूर मागं पडलं आणि हे सगळं एकेक करून संपलं. रस्ता उरला आणि दोन्ही बाजूंना काही नाही. वारा असा, की भट्टीचं दार कुणी उघडून विसरून गेलं असावं. स्टिअरिंगला हात लावता येईना, म्हणून तिनं ओढणीचे दोन तुकडे फाडून हाताला गुंडाळले. कितीतरी वेळ समोरून माणूस नाही, गाडी नाही. आपण चाललोय की जीप उभी आहे आणि रस्ताच मागं सरकतोय, असं तिला वाटू लागलं. झोप येऊ नये म्हणून ती मोठमोठ्यानं दिग्रसच्या फेरीतल्या थांब्यांची नावं घेऊ लागली, कंडक्टर ओरडतो तशी.

एका ठिकाणी रस्त्यावर वाळू पसरली होती, परातीतून पीठ सांडावं तशी. तिला वाटलं धूळ आहे, निघून जाऊ. मागची चाकं बसली. तिनं रेस वाढवली तर आणखी बसली. ती खाली उतरली. पायाखाली वाळू इतकी तापलेली की चप्पल चिकटते की काय असं वाटलं. लांबवर कुणी दिसत नव्हतं. तिथं ती पहिल्यांदा घाबरली. मोठ्यानं रडली. ऐकायलाही कुणी नव्हतं, तेव्हा लवकरच थांबली. मग बाकड्यावर घातलेली कापसाची बारदानं काढली, हातांनी चाकांपुढची वाळू उपसली, त्यावर बारदानं अंथरली आणि पहिल्या गिअरमध्ये, घाई न करता, जीप बाहेर काढली. बारदानं उचलायला परत गेली तेव्हा ती अर्धी पुरलीसुद्धा होती.

आपले पूर्वज हा मुलूख सोडून का निघाले, हे तिला तेव्हा कळलं. तांड्यात त्यावर गाणी आहेत. गाण्यांत कारण मात्र कुठंच नाही.

फोनवरच्या त्या दुकानदारानं पुढची वाट दाखवली. ढाणी म्हणजे चार झोपड्या, पाण्याचं एक टाकं आणि काट्यांचं कुंपण. दोघे भाऊ जनावरं घेऊन लांब गेले होते. म्हातारी सासू होती. रुपी झोपडीतून बाहेर आली आणि बसंतीबाई तिच्या गळ्यात पडून ढावलो गाऊ लागली. रिवाज तो रिवाज. म्हातारी आणि शेजारच्या बायका मानानं बाजूला सरकल्या. बसंतीबाईला गाणं येत नव्हतं हे खरं, आवाजही हॉर्नसारखाच. पण गोर बोलीत ती गाऊन विचारत होती, ते कधी येणार? रुपी गाऊन सांगत होती, सांजेला. मारलं का? मारलं. येतेस का? रुपीनं पुढची ओळ गायली नाही, नुसती तिची मान घट्ट धरली.

म्हातारीला तिनं सांगितलं की हिची आई आजारी आहे, नेते. म्हातारी म्हणाली, मुलांना येऊ द्या. बसंतीबाईनं जीप चालू केली. रुपी होती तशी, अनवाणी, येऊन बसली. म्हातारी धावत आली तेव्हा बसंतीबाईला वाटलं आता ही ओरडणार. म्हातारीनं पाण्याची भरलेली कळशी खिडकीतून रुपीच्या मांडीवर ठेवली. “आगे पाणी कोनी,” एवढंच म्हणाली. पुढं पाणी नाही. आणि पाठ फिरवून टाक्याकडं गेली. तिनंही या घरात एकेकाळी असाच पाय टाकला असेल. पण ते विचारायला वेळ नव्हता.

तर असं जाऊन बसंतीबाई परत आली होती. आणि इथं अंगणात तिला विचारत होते, कुठं निजलीस.

नायकानं घसा साफ केला. त्यानं काहीतरी ठरवून आणलं होतं, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं.

“हे पाह्य हिरासिंग, पोट्टीसंगं धोका झाला हे खरं,” तो म्हणाला. “ते लोक आले तर मी त्यायले सांगतो, पोट्टी येत नाही. तांडा तिच्या मागं राहीन. पण बाई, तांड्याचाही एक शब्द तू राख. आज तू मारवाडात गेली, उद्या दुसरी कोनी मुंबईले जाईन. जीपची चावी हिरासिंगच्या हाती दे. तू घर पाह्य. पोट्टी राहीन, तांड्याची इज्जतही राहीन.”

हिरासिंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. क्षणापूर्वी ज्याला तोंड दाखवायला जागा नव्हती, तो आता बसंतीबाईच्या कमरेला खोचलेल्या चावीकडं पाहत होता.

“हिरासिंगले गिअर तरी टाकता येते का?” बसंतीबाईनं विचारलं.

“शिकन,” हिरासिंग म्हणाला. “तू शिकली, मग मले काय झालं?”

“पोट्टी देताना शिकला असता तर बरं झालं असतं.”

“भाभी, तोंड सांभाळ.”

“आतापर्यंत तेच करत आली. म्हणून पोट्टी गेली.”

लालीबाईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. ती उठून मुलीजवळ सरकली आणि तिचे दोन्ही तळवे मांडीवर घेऊन त्यांना तेल लावू लागली. तिनं मान वर केली नाही. पण कुणाची बाजू घ्यायची हे तिचं ठरलं होतं, एवढं सगळ्यांना दिसलं.

मग खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला शंकरसिंग पहिल्यांदाच बोलला. सकाळपासून तो काठी दोन्ही हातांत धरून बसला होता. बसंतीबाईला खात्री होती की तो जीपबद्दल काही विचारेल. झाकण केव्हा उघडलं, वाळूतून कशी काढली, असं काहीतरी. हे दोघांनाच समजणारं बोलणं होतं, आणि चारशे कोस ती मनातल्या मनात त्याला तेच सांगत आली होती.

“देऊन टाक चावी, बसंती,” तो म्हणाला. “नायक बरोबर सांगून राह्यला. पोट्टी राहून राह्यली ना घरी? अजून काय पाह्यजे तुले?”

नायकानं समाधानानं मान हलवली. हिरासिंगनं हात पुढं केला.

दीर, नायक, शेजारणी, यांच्यावर ती सकाळपासून चिडत होती. त्यांच्याकडून तिला वेगळं काही अपेक्षितच नव्हतं. या माणसाची नजर गेली तेव्हा ती त्याचे डोळे झाली होती, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं की तुला काय पाहिजे. आज विचारलं, ते असं. आणि मुलीची सुटकासुद्धा तिच्याकडून काहीतरी काढून घेतल्याशिवाय या लोकांना करता येत नव्हती. रुपीला परत पाठवणं चूक होतं तर बदल्यात काही न मागता ते चूक म्हणायला हवं होतं. त्याला किंमत कसली?

ती उठली. सुजलेला पाय टेकवत घरात गेली, पिठाच्या डब्यातून परातीत पीठ काढलं, आणि परात कमरेला लावून दारात येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

“आजपासून माही चूल वेगळी,” ती म्हणाली. “मागच्या पडवीत मांडतो. रुपी माह्याकडं जेवन अन् माह्याकडंच निजन. लालीले याचं असन तर थे येईन. ते लोक आले तर त्यायच्याशी मी बोलतो, तांड्यानं मधे पडाचं काम नाही. नाही ऐकलं तर रुपीले घेऊन दिग्रसच्या ठाण्यात जातो. चावी माह्यापाशी राहीन. उद्या सकाळची फेरी मीच मारतो, ज्याले बसाचं त्यानं बसा.” मग ती नवऱ्याकडं वळली. “तुमची भाकर कोनत्या चुलीवर टाकाची ते आताच सांगा. पीठ भिजवून राह्यली.”